कमळबायच्या गुडघ्याएवढा ट्रक

पूर्णा गावात केसरीनाथ तरेच्या ट्रकला कोणी ट्रक म्हणत नाही, नाकाड्या म्हणतात. पुढे लांबलचक नाक, नाकाच्या दोन अंगांना गोल दिवे आणि मागच्या चाकांवर अर्धं कलिंगड पालथं घातल्यासारखी गोल मडगार्डं. केसरीनाथच्या बापाने तो घेतला तेव्हा त्यातून मुंबईच्या तबेल्यांना पेंढा जायचा. आता पेंढा नाही आणि पेंढ्याची शेतंही नाहीत. तिथे गोदामं उभी आहेत आणि त्यांच्या दारात कंटेनर रांग लावून असतात. नाकाड्याला काम उरलं ते एकच. तऱ्यांच्या घरात लग्न निघालं की हळदीच्या दिवशी नवरदेव याच ट्रकच्या हौद्यात उभा राहून गावदेवीच्या पाया पडायला जातो आणि भोवती बसलेल्या बायका धवले म्हणतात. डीजे असतो, नाही असं नाही, पण तो मागे. पुढे धवला.

आता धवला म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याने एकदा आगरी लोकांच्या लग्नात जेवून यावं. भटजी मंगलाष्टकं म्हणतो, अक्षता पडतात, सगळं खरं. पण धवलारणीने गाऊन देवांना बोलावल्याशिवाय लग्न लागलं असं पूर्ण्यातली एकही बाई मानत नाही. आणि पूर्ण्याची धवलारीण म्हणजे केसरीनाथची थोरली बहीण, कमळबाय. केसरीनाथच्या स्वतःच्या हळदीला तिने याच हौद्यात बसून असा गळा लावला होता की नवरदेवच रडायला लागला होता. आता त्याच्या मुलाची, भावेशची हळद रविवारवर आली होती, आणि कमळबायने येणार नाही म्हणून सांगितलं होतं.

त्याला कारण झाली एक खुर्ची. कमळबायचे गुडघे दोन-तीन वर्षांपासून कुरकुरत होते. गेल्या साली खाडीकडच्या एका लग्नात तिला टेम्पोत चढता येईना, तेव्हा चार पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. पोरांचा हेतू वाईट नव्हता, पण समोर कोणाचातरी मोबाईल चालू होता. त्यावर कोणीतरी बेंजोची धून चढवली आणि संध्याकाळपर्यंत ते चित्र पार अकलोलीला तिच्या नणंदेपर्यंत पोचलं. नणंदेने फोन करून विचारलं, "वयनी, यंदाचा गनपती लवकर बसवला काय गो?"

त्या दिवसापासून कमळबायने नेम केला. "ज्या गारीत मना माज्या पायानं चरता येत नाय, त्या गारीत मी बसवाची नाय." त्यानंतर ती एकाही लग्नाला गेली नाही. केसरीनाथने मोटार देतो म्हटलं, तर म्हणाली, "काच लावून धवला बोलू? मी काय बातम्या देतंय?" स्टूल ठेवू म्हटलं तर म्हणाली, "स्टूल ठेवलास का कुनीतरी हात धरील, नि हात धरला का कुनीतरी मोबाईल धरील. तू टेप लाव रं भाऊ. तुज्या भावेशला माजा आशीर्वाद हाय."

टेप लाव म्हणाली तेव्हा तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं, ते केसरीनाथने पाहिलं. आशीर्वाद घरबसल्या मिळाला तरी त्याला तो नको होता. त्याला बहीण हौद्यात हवी होती, तिच्या नेहमीच्या जागी, डाव्या कोपऱ्यात पाठ टेकून. तिच्यावाचून हळद ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती, आणि हे तो बायकोजवळ, दमयंतीजवळ, उघड बोललासुद्धा. दमयंती म्हणाली, "मग बाय वर जात नसल तर गारी खाली आना."

बायको चिडून बोलली होती. केसरीनाथने ते मनावर घेतलं.

नारपोलीला त्याच्या धाकट्या भावाच्या मुलाचं, प्रितेशचं गॅरेज आहे. आजूबाजूला लूम खडखडत असतात आणि मध्येच प्रितेश हौशी लोकांच्या जुन्या जीपा आणि मोटारी खाली बसवून देतो. इतक्या खाली, की रस्त्यावरच्या मुंगीने वाकून जावं. केसरीनाथ आजवर या धंद्याला नाक मुरडत आला होता. चांगल्या चालत्या गाड्यांच्या बसलेल्या म्हशी करतो, असं तो चारचौघांत म्हणायचा. तोच काका नाकाड्या घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बसव खाली." प्रितेशने हातातला पाना खाली ठेवला आणि आधी चहा मागवला. असा दिवस रोज येत नाही.

किती खाली, ते केसरीनाथने आधीच मोजून आणलं होतं. कमळबाय दुपारची झोपली असताना तिच्या ओट्याची पायरी त्याने वितीने मापली होती. ती एक पायरी ती अजून कशालाही न धरता चढते. ट्रकच्या मागच्या फाळक्याला तेवढ्याच उंचीच्या दोन पायऱ्या जोडायच्या होत्या; पण तेवढ्या दोन पायऱ्यांत हौदा गाठायला ट्रक स्वतः खाली यायला हवा होता.

प्रितेशने काम मन लावून केलं. ट्रकचं मागचं धूड कमान-पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांवर, तोललेलं असतं आणि ते पाटे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या हाउसिंगवर बसवलेले असतात. त्याने पाटे हाउसिंगच्या खाली घेतले, दोन पाटे काढूनच टाकले. नाकाड्या असा खाली आला की गॅरेजमधले भैय्ये टाळ्या वाजवायला लागले. असं केलं की चाक मडगार्डात पुढेमागे सरकतं, हे प्रितेशला माहीत होतं. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्याचं डोकं हाउसिंगवरच्या, पाटे टेकायच्या गादीतल्या भोकात बसतं. ते भोक मागे पाडलं की चाक पुढे जातं, पुढे पाडलं की मागे. त्याने गादीत ओळीने भोकं पाडली, त्यातलं बरोबरचं निवडलं आणि दोन्ही चाकं मडगार्डांच्या अगदी मधोमध आणून उभी केली. मग फोटो काढला आणि तो सगळ्यांना पाठवला.

शुक्रवारी सकाळी केसरीनाथने नाकाड्यात मांडवाची भांडी आणि तांदळाची पोती भरली आणि ऐटीत घराकडे निघाला. गोदामाच्या गेटाजवळच्या गतिरोधकावर माशी शिंकली. मागून असा आवाज आला, की वाटावं कोणीतरी नारळ खवतंय. गेटावर रांगेत उभ्या कंटेनरचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "चाचा, टायर पीछे बैठ गया है. मडगार्ड खा रहा है."

केसरीनाथने उतरून पाहिलं. चाक मधोमध नव्हतंच. मागे सरकून मडगार्डाच्या मागच्या काठाला जाऊन टेकलं होतं. त्याने तिथूनच प्रितेशला फोन लावला. काय बोलला ते सोडून देऊ. प्रितेश जेवण टाकून आला एवढं सांगितलं तरी पुरे. तोवर केसरीनाथने ट्रक रखडत, गेटापासून हाकेच्या अंतरावरच्या आपल्या घरापुढे आणून ठेवला होता.

प्रितेश पोती भरलेल्या ट्रकखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच येईना. आला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "काका, मी रिकामा मोजला."

"म्हंजे?"

"पाटे आता बारीक झालेत. वजन पडलं की सपाट होतात. सपाट झाले की लांब होतात आणि चाकाला मागे ढकलतात. गॅरेजला येतात ते लोक गाडीत एकटे बसतात हो. गॉगल लावून. हौद्यात वजन असणार हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

"अरं, नाकाड्या रिकामा कवा चालला?"

"तेच तर. आता भरून मोजायला पाहिजे. हळदीला जेवढं वजन असेल, तेवढंच."

हळदीला वजन असणार होतं बायकांचं. आता किती पोती म्हणजे पूर्ण्यातल्या तऱ्यांच्या बायका, हा हिशेब करायला दोघे पुरुष ओट्यावर बसले आणि तिथेच चुकले. दमयंतीने दारातून ऐकलं. "माजं वजन पोत्यात मोजू नका," ती म्हणाली. "माणसंच बसवतंय. पोती उतरवा."

तासाभरात आळीतल्या बायका जमल्या. लग्नघरच ते, कोणी पापड तळत होतं, कोणी उगीच आलं होतं. केसरीनाथची लेक, तिचं नाव पूर्वी, लग्नासाठी सासरहून आलेली होती, ती सगळ्यात आधी चढली. फाळक्याच्या पायऱ्यांचं सगळ्यांना कौतुक वाटलं. बायका चढल्या आणि चढल्या तशा डाव्या बाजूला जाऊन दाटीने बसल्या. का, तर तिकडे गोदामाच्या भिंतीची सावली होती. उजवी बाजू उन्हात तापत होती, आणि तिथे बसली होती एकटी दमयंतीची छत्री.

प्रितेश खालून ओरडला, "काकी, डावं चाक दोन बोटं मागे गेलंय, उजवं जागचं हललंपण नाही. जरा पसरून बसा."

कोणी हललं नाही. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि तिसरी म्हणाली की तिला उन्हाने पित्त होतं.

प्रितेश कंटाळून म्हणाला, "मग डावं वेगळं लावतो, उजवं वेगळं लावतो. दोन्ही मधोमध दिसतील."

"दिसतील," केसरीनाथ म्हणाला, "नि गारी चालंल कुत्र्यासारखी तिरकी. मी गावदेवीला निंगल नि नाकाड्या जाईल खारीत." ट्रक त्याने उभा जन्म चालवला होता. मागची दोन चाकं एकमेकांशी सरळ नसली तर काय होतं, हे त्याच्या हातांना माहीत होतं.

झालं, काम अडलं. प्रितेश खाली चटईवर पडून राहिला, केसरीनाथ बिडी शोधायला लागला आणि वर बायका बसून बसून कंटाळल्या. बायका, हळदीचं घर आणि नाकाड्याचा हौदा. अशा ठिकाणी गप्प बसणं कोणाला जमणार? पूर्वीने सहज सूर धरला. देवांना बोलावण्याचा धवला, सगळ्यांच्या कानावरून गेलेला.

"पयलं बोलावनं कुनाला गो, उंबऱ्याच्या देवाला…"

बाकीच्यांनी उचलला.

"दुसरं बोलावनं कुनाला गो, खारीच्या पान्याला…"

इथे केसरीनाथलासुद्धा काहीतरी खटकलं, पण काय ते त्याच्या लक्षात येईना. बायका मात्र रंगात आल्या होत्या. त्यांचं खाडीच्या पाण्याला बोलावून झालं आणि त्या मिठागराच्या देवाकडे वळल्या, तेवढ्यात आळीच्या टोकाच्या घराचं दार आपटलं.

कमळबाय आली. चपला न घालता आली. गुडघ्यांचं तिचं नेहमीचं चालणं, एक पाऊल टाकायचं आणि दुसऱ्याची विचारपूस करायची, ते आज कुठे गेलं होतं कोण जाणे. तिने ना भावाकडे पाहिलं ना ट्रककडे. ती सरळ बायकांवर आली.

"कुना भवानीनं गायलं ह्ये? येशीवरची बाय टाकलीत? गावदेवी टाकून खारीवर गेल्या? तिला न इचारता तुमी पान्याला बोलावतंय? उद्या पोराच्या संसारात पानी शिरलं मंग?"

पूर्वी म्हणाली, "आत्या, इसरलो गो."

"इसरलो बोलती! आनि ह्ये बसलंय काय? सगल्या एका अंगाला? धवला असा बोलतात? समोरासमोर दोन वली पायजेत. ही वल इचारते, ती वल उत्तर देते. तुमी कुनाला इचारता, भिंतीला?"

असं बोलता बोलता तिने एक पाय फाळक्याच्या पायरीवर ठेवला, दुसरा वरच्या पायरीवर, आणि ती हौद्यात होती. केसरीनाथला वाटलं, आपण हललो तर ती वर चढलीय हे तिला कळेल. हौद्यातल्या एका पोरीचा हात मोबाईलकडे गेला. दमयंतीने तो हात छत्रीच्या दांड्याने खाली दाबला आणि वर बघून हसलीसुद्धा नाही.

कमळबायने बायका उठवल्या. सावलीतल्या अर्ध्या उन्हात आणल्या. पित्ताचं नाव निघालं, त्यावर ती म्हणाली, "हलद लागंल तवा पन ऊनच असल." कोणाचं वय, कोणाचा मान आणि कोणाचा आवाज जाडा, हे सगळं तिच्या डोक्यात होतं; त्याप्रमाणे दोन ओळी लागल्या, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. मग ती डाव्या कोपऱ्यात पाठ टेकून बसली आणि धवला उंबऱ्यापासून पुन्हा सुरू झाला. उंबऱ्याचा देव झाला, दुसरं बोलावणं वेशीवरच्या बाईला गेलं, तिसरं खाडीच्या पाण्याला. तिचा आवाज चढला तशी कंटेनरवाल्याने आपला रेडिओ बंद केला.

ट्रकखालून प्रितेशचा हात बाहेर आला आणि त्याने केसरीनाथची तंगडी ओढली. "काका, दोन्ही चाकं सारखी बसली. दोन्हीकडे दीड बोट मागे. आत्याने तोलून बसवलंय." त्याने दोन्हीकडे खडूने खुणा केल्या.

आता अडचण अशी होती, की खुणा करून भागत नाही. बोल्टचं डोकं मागच्या भोकात बसवायचं तर ट्रक जॅकवर घ्यावा लागतो, आणि वर माणसं असताना ते करत नाहीत. म्हणजे सगळ्यांना उतरवायचं. म्हणजे कमळबायलाही उतरवायचं. केसरीनाथला ते सांगायची हिंमत होईना. धवला संपेपर्यंत तो चाकाकडे पाहत राहिला. शेवटी प्रितेशनेच सांगितलं.

बायका उतरल्या. कमळबाय सगळ्यांत शेवटी फाळक्याशी आली, खाली पायरीकडे पाहिलं आणि थांबली. आपण कुठे उभ्या आहोत हे तिला आत्ता समजलं होतं. तिने एक पाय खाली टाकला, मग दुसरा. जमिनीवर आली, वळली आणि ती पायरी बघत राहिली. मग तिने वाकून हात पसरला आणि वीत टेकवली.

"ही माज्या ओट्याची पायरी हाय," ती म्हणाली.

"तेवरीच हाय," केसरीनाथ म्हणाला.

"कवा मापलीस?"

"तू निजली व्हतीस तवा."

"नि गारी कोनी बसवली?"

"या प्रितेशनं. मीच सांगितलं."

"बापाची गारी तू वाकवलीस? माज्यासाठी?"

"बाय, तू नसलीस तर मना हलदच नको," एवढंच केसरीनाथ म्हणाला. आळीतल्या बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. कमळबायने पदर तोंडाला लावला, डोळे पुसले आणि प्रितेशवर ओरडली, "तू काय बगतंस? चाक लाव."

प्रितेश कामाला लागला. मागचा भाग उचलला गेला, मोठे नट सैल झाले, हाउसिंग पुढे सरकलं, बोल्टचं डोकं मागच्या भोकात जाऊन बसलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कमळबाय खुर्ची नाकारून उभीच होती. जॅक खाली आला तेव्हा रिकाम्या ट्रकची दोन्ही चाकं मडगार्डात थोडी पुढे दिसत होती, आणि ते बघून केसरीनाथला पुन्हा धडकी भरली. प्रितेश म्हणाला, "आता वाकडंच दिसणार. भरलं की सरळ होईल. चढा सगळ्या, नट शेवटचे वजनावर आवळायचेत."

पुन्हा बायका चढायला लागल्या. या वेळी सगळ्या कमळबायकडे चोरून बघत होत्या, कारण या वेळी तिला माहीत होतं. रागाच्या भरात डोंगरही चढता येतो. शांत डोक्याने पायरी चढायची म्हणजे गुडघ्याला आठवण येते. ती फाळक्याशी आली. केसरीनाथचा हात पुढे झाला, आणि मध्येच त्याने तो मागे घेऊन खिशात घातला. कमळबायने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, जरा थांबली, दुसरा ठेवला. चेहरा वेडावाकडा झाला तिचा, नाही असं नाही. पण ती वर होती, आपल्या पायांनी, आणि कोपऱ्यात टेकून बसताना तिने सगळ्यांवरून अशी नजर फिरवली की ज्यांच्या डोळ्यांत पाणी होतं त्यांनी ते झटकन पुसलं.

नाकाड्या दबला. प्रितेशने दोन्ही बाजूंनी बोटं घालून पाहिली. पुढे चार, मागे चार. त्याने नट आवळले आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, मधोमध. पण चालवून बघायला पाहिजे, त्या गतिरोधकावर."

केसरीनाथ स्टेअरिंगवर बसला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, कान मागे लावला आणि ट्रक सोडला. गोदामाचं गेट आलं, गतिरोधक आला. नाकाड्या एकदा वर गेला, एकदा खाली आला, आणि हौद्यात बायकांनी समोरच्या ओळीला विचारलं, कमळबायच्या ओळीने उत्तर दिलं, आणि तो आवाज कंटेनरांच्या रांगेवरून थेट वेशीपर्यंत गेला. गावदेवीच्या देवळाशी केसरीनाथने ब्रेक लावला.

प्रितेश मोटरसायकलने मागोमाग आला. "काका, घासलं काय?"

केसरीनाथने आठवून पाहिलं. गतिरोधक गेला होता, एवढं त्याला नक्की सांगता येत होतं. "अरं," तो ओशाळून म्हणाला, "मी ऐकलंच नाय. परत एक फेरी मारवाला पायजे."

हौद्यातून कमळबायने केबिनच्या मागच्या काचेवर थाप मारली. "मार," ती म्हणाली. "मना कसली घाई हाय?"